मेण आणायचंय? आधी कुठलं ते ठरवा

दुकानात जाऊन नुसतं "मेण द्या" म्हणालात तर हातात काय पडेल याचा नेम नाही. पूजेच्या सामानवाल्याकडे कुंकवाखाली लावायची चिमुकली डबी मिळते, पार्लरचं सामान विकणाऱ्याकडे डबाभर चिकट वॅक्स, मेणबत्त्यांचं सामान ठेवणाऱ्याकडे पॅराफिनच्या पांढऱ्या लाद्या, आणि मध विकणाऱ्या एखाद्या चांगल्या माणसाकडे पिवळसर, मधाचा वास येणारं खरं मधमाशीचं मेण. चारहींना मेणच म्हणतात, पण एकाचं काम दुसऱ्याला सांगितलं की फजिती होते. मी केलीय ही फजिती. वाढदिवसाच्या मेणबत्त्यांचे उरलेले तुकडे खोबरेलात वितळवून लिप बाम बनवला, रंग मस्त गुलाबी, वास पण झक्कास, आणि दुसऱ्या दिवशी ओठ असे सोलवटले की आठवडाभर साधी आमटी पण झोंबत होती. मेणबत्तीतला रंग आणि सेंट जाळायला असतो, ओठांवर चोपडायला नाही, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही.

तर आधी ओळख करून घेऊ. मधमाशीचं मेण म्हणजे कामकरी माशीच्या पोटाखालच्या ग्रंथींमधून येणाऱ्या पातळ पातळ खपल्या, त्या ती तोंडाने चावून मऊ करते आणि त्यातूनच पोळ्याची सहाकोनी घरं बांधते. एक किलो मेण बनवायला माशा साधारण सहा ते आठ किलो मध खातात असं मानतात, त्यामुळे शुद्ध मेण महाग का असा प्रश्न पुन्हा विचारू नका. हे ६२ ते ६४ अंशांना वितळतं. पॅराफिन हे खनिज तेलातून निघतं, रायशेनबाख नावाच्या जर्मन माणसाने ते १८३० मध्ये पहिल्यांदा वेगळं काढलं, आणि आज कोपऱ्यावरच्या दुकानातली लाईट गेल्यावर लागणारी मेणबत्ती बहुतेक वेळा याचीच. कार्नाउबा हे ब्राझीलमधल्या ताडासारख्या झाडाच्या पानांवरचं मेण, एकदम टणक, ८० अंशांच्या वर गेल्याशिवाय वितळत नाही, म्हणून गाडीच्या पॉलिशमध्ये त्याला मान. सोया वॅक्स म्हणजे सोयाबीनचं तेलच, हायड्रोजन देऊन घट्ट केलेलं, हल्ली काचेच्या बरणीतल्या सेंटेड कँडल असतात ना, त्यात असतं.

आणि काही गोष्टी मेण वाटतात पण नसतात. लाखेचा शिक्का मारतात ती लाख, ते एका किड्याने झाडाच्या फांदीवर सोडलेलं राळेसारखं द्रव्य. कोकणातलं मुठेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल, मुठीने वळून गोळे करतात ते, थंडीत अगदी मेणासारखं कडक होतं पण ती चरबी आहे, अंगाच्या उबेने पाघळते. पार्लरच्या डब्यातलं मध रंगाचं वॅक्स हे बरेचदा राळ नाहीतर साखरेचा पाक असतो. म्हणजे ज्याला आपण दिवसभर वॅक्स म्हणतो त्यात मेण असेलच असं नाही.

आमच्या घरात मेणाची पहिली आठवण म्हणजे आजीची फणेरपेटी. झाकण उघडलं की आत आरसा, खाली खण, एका खणात फणी, एकात कुंकवाचा करंडा आणि एकात मेणाची पितळी डबी, घासून घासून तिच्यावरची नक्षी गेलेली. आंघोळ झाली की आजी अनामिकेचं टोक त्या डबीत दोनदा गोल फिरवायची, मेण नुसतं बोटाला पुसट लागायचं, मग कपाळावर बरोबर रुपयाएवढं गोल, आणि त्यावर कोरडं पिंजर दाबून बसवायचं, नाकावर सांडलेलं फुंकरीने उडवायचं नाही तर पदराच्या टोकाने टिपायचं. कोरडं कुंकू नुसत्या कातडीवर टिकत नाही, घामाने ओघळतं. खाली मेण असलं की पाणी लागत नाही आणि पूड धरून राहते. टिकली आली आणि डबी गेली. पण आता टिकलीच्या गोंदाने कपाळावर पांढरा डाग पडलाय म्हणून परत कुंकवाकडे वळणाऱ्या बायका आहेत, त्यांच्यासाठी सांगते: दोन चमचे खोबरेलात एक चमचा किसलेलं मधमाशीचं मेण, बास. बोट घासल्यावर लागलं पाहिजे पण बोट आत रुतता कामा नये, एवढंच बघायचं. आणि कुंकू हळदीचं बघून घ्या, नाहीतर मेण शुद्ध आणि वर केमिकलचा लाल रंग, मग त्याचा काय उपयोग.

आता मेण कसं काढायचं. गावाकडून कोणी मध पिळून घेतलेलं पोळं दिलं तर फेकू नका. ते रात्रभर साध्या पाण्यात भिजत घाला म्हणजे उरलासुरला मध सुटतो. सकाळी पाणी ओतून द्या, पोळं जुन्या सुती धोतराच्या नाहीतर पंचाच्या तुकड्यात घट्ट बांधा, पुरचुंडीत एक स्वच्छ दगड पण घाला म्हणजे ती तळाशी बसते, आणि मोठ्या पातेल्यात भरपूर पाण्यात ठेवून मंद गॅसवर चढवा. खळखळ उकळू द्यायचं नाही, नुसती वाफ येत राहिली पाहिजे. खूप उकळलं की मेण आणि पाणी एकमेकांत मिसळून ताकासारखं होतं आणि रंगही काळवंडतो. मधून मधून उलथन्याने पुरचुंडी दाबायची, मेण कापडातून गाळलं जाऊन वर तरंगतं आणि अळ्यांची कात, पराग, मेलेल्या माशा सगळं आत राहतं. अर्ध्या तासाने गॅस बंद, पुरचुंडी चिमट्याने पिळून बाहेर, पातेल्यावर झाकण, आणि मग हात लावायचा नाही, रात्रभर. घाई केली की चकती तडकते. सकाळी पाण्यावर पिवळी चकती तरंगत असते, तिच्या खालच्या बाजूला राखाडी चिखलासारखा थर असतो तो सुरीने खरवडायचा आणि हेच सगळं अजून एकदा करायचं. दोनदा केलं की घरगुती वापराला पुरेसं साफ होतं.

पातेलं मात्र जुनं आणि कायमचं त्यासाठीच ठेवा, कारण ते परत दुधाला वापरता येणार नाही हे मी लिहून देते. स्टील किंवा ॲल्युमिनियम चालेल, लोखंड नको, तांबं-पितळ पण नको, त्याने मेणाचा रंग बिघडतो. आणि पोळं कुठलं ते पण विचारा. सातेरी माशीचं पोळं पेटीत पाळलेलं असतं, महाबळेश्वरच्या बाजूला हा जुना धंदा आहे, तिथलं मांघर गाव तर २०२२ मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. आग्या मोहोळाचं मेण भरपूर निघतं, पण ते धूर करून जाळून पाडलेलं असेल तर त्याला करपट वास राहतो आणि शिवाय त्यात सगळी वसाहत मेलेली असते. मी असलं घेत नाही.

विकत घेताना भेसळ कशी ओळखायची असं बरेच जण विचारतात. घरच्या घरी शंभर टक्के नाही ओळखता येत, पण अंदाज येतो. नखाने थोडं खरवडा आणि तो भुगा बोटांत मळा: मधमाशीचं मेण उबेने मऊ होऊन गोळी बनते, पॅराफिनचे कपचे सुटे सुटे राहतात आणि बोटांना तुळतुळीत लागतं. वास मधाचा यायला हवा, अगदी काहीच वास नाही आणि रंग लख्ख पिवळा असेल तर मला शंका येते.

वितळवायचं कसं, हे नीट वाचा, बाकी सगळं विसरलात तरी चालेल. मेणाचं भांडं डायरेक्ट गॅसवर कधीच नाही. खाली पातेल्यात दोन बोटं पाणी, त्यात दुसरं भांडं, त्यात मेण, म्हणजे पाणी उकळतंय तोवर मेण शंभराच्या वर जाऊच शकत नाही. पाणी तापलं की बुडबुडे येतात, दूध वर येतं, म्हणजे आपल्याला कळतं. मेण काहीच सांगत नाही, शांत दिसतं, मग धूर निघतो आणि मग एकदम भडका. पेट घेतलाच तर पाणी टाकायचं नाही, अजिबात नाही, पाण्याची क्षणात वाफ होते आणि पेटतं मेण छतापर्यंत उडतं. गॅस बंद, वर झाकण, आणि भांडं उचलून पळायचं नाही. मुलं स्वयंपाकघराबाहेर. मेण हातावर सांडलं तर ओढून काढू नका, तसाच हात नळाच्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा.

एवढं जमलं की मलम म्हणजे डाव्या हातचा मळ. वजनाने एक भाग मेण आणि चार भाग खोबरेल, हे माझं एरवीचं माप. खोबरेल २४ अंशांना पाघळतं, त्यामुळे मे महिन्यात मुंबई-नागपूरकडे एकाला तीन करा नाहीतर पर्समध्ये डबीचं झाकण उघडून सत्यानाश होतो, आणि थंडीत एकाला पाच केलं तरी चालतं. परीक्षा अशी की स्टीलच्या चमच्यावर थेंब घ्या, दोन मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवा, बोट लावून बघा, फार कडक वाटलं तर तेल घाला, मऊ वाटलं तर मेण. टाचांच्या भेगांसाठी मी दहा ग्रॅम मेण, तीस ग्रॅम खोबरेल आणि दहा ग्रॅम मुठेल घेते, रात्री पाय कोमट पाण्यात भिजवून, पुसून, लावून वर जुने मोजे. तीन-चार रात्रींत फरक दिसतो. भेगेतून रक्त येत असेल किंवा शुगर असेल तर मात्र हे घरचे उद्योग नकोत, डॉक्टरांना पाय दाखवा. यात पाण्याचा थेंब पण पडू द्यायचा नाही, गुलाबपाणी, कोरफड वगैरे तर नाहीच, पाणी गेलं की बुरशी आलीच.

साध्या तुकड्याचे उपयोग तर मोजायलाच नकोत. बॅगेची चेन अडकते? दातांवर मेण घासा आणि दोन-चारदा मागेपुढे ओढा, इथे मेणबत्ती पण चालते. पावसाळ्यात फुगलेला लाकडी ड्रॉवर, खिडकीची सरकती चौकट, तेच. कुलुपाच्या भोकात मात्र घालू नका, धूळ धरून बसतं आणि किल्ली फिरेनाशी होते. मोची चामडं शिवताना दोरा मेणाच्या गोळ्यावरून ओढून घेतो, बघितलं असेल. त्याने दोरा पीळ धरून राहतो, भुरभुरत नाही आणि पाणी कमी पितो. गोधडी शिवताना, बटणं लावताना, मोत्यांची ओवणी करताना तीच युक्ती करा, दोरा मेणावरून दोनदा ओढा आणि बोटांत चिमटीत धरून एकदा सरकवा, गाठी पडायच्या बंद होतात.

विळी, अडकित्ता, कोयता यांना जून ते सप्टेंबर गंज चढतोच चढतो. पातं घासून, पूर्ण कोरडं करून, गॅसवर जरा कोमट करून (कोमट, लाल नाही) त्यावर मधमाशीच्या मेणाचा तुकडा हलका फिरवायचा आणि कापडाने पुसून टाकायचं, दिसणार पण नाही इतका पातळ थर राहतो. इथे रंगीत मेणबत्ती नको कारण पातं खाण्याला लागतं. पोळपाट आणि लाटण्याला तेच मलम, एकाला चार वालं, रात्री चोळून ठेवायचं आणि सकाळी कोरड्या फडक्याने जोर लावून पुसायचं. शेंगदाणा तेल वापरू नका, काही दिवसांनी खवट वास मारतो.

बेकिंग करणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवा. मेणकागद आणि ओव्हनमध्ये चालणारा बेकिंग पेपर दिसायला सारखे, पण मेणकागदावर खरंच मेण असतं, ओव्हनमध्ये गेला की धूर आणि केकला मेणाचा थर. पाकिटावर किती तापमानाला चालतो ते वाचून घ्या, आणि दुकानदार सगळ्यालाच बटर पेपर म्हणतो त्यावर जाऊ नका.

आता सांडलेलं मेण. ताज्या डागाला हात लावायचा नाही, पुसलं की पसरतं. कापडावर असेल तर पिशवीत घालून अर्धा तास फ्रीजरमध्ये, कडक झालं की बोथट सुरीने किंवा जुन्या एटीएम कार्डाने खरवडा. उरलेल्याला खाली-वर टिश्यू किंवा ब्राऊन पेपर लावून मध्यम इस्त्री, कागद मेण पितो, तो तेलकट झाला की नवीन घ्या, वर्तमानपत्र नको, शाई उतरते. सगळ्यात शेवटी रंगाचा डाग राहिला तर भांड्याचं लिक्विड. रेशमी साडी असेल तर प्रयोग न करता ड्रायक्लीनला द्या. फरशीवर पडलं तर बर्फाचा खडा आणि प्लॅस्टिकचं उलथणं.

आणि सिंक! गरम मेणाचं पाणी मी एकदा बिनधास्त सिंकमध्ये ओतलं, वाटलं पातळ आहे, जाईल वाहून. गेलं, पण दोन फूट पुढे जाऊन थिजलं. प्लंबरने पाईप कापून दाखवला, आत अख्खी मेणबत्ती तयार, वात तेवढी बाकी होती. मेणाचं भांडं आधी कागदाने पुसा, कागद कचऱ्यात, मगच साबण.

पार्लरवालं वॅक्स घरी करायचं असेल तर साखरेचं करा, दोन वाट्या साखर, पाव वाटी लिंबाचा रस, पाव वाटी पाणी, मंद आचेवर मधाच्या रंगावर येईपर्यंत, गार पाण्यात थेंब टाकला की मऊ गोळी झाली पाहिजे. हा पाक मेणापेक्षा जास्त भाजतो कारण उतरवतो तेव्हा तो ११५ अंशांच्या पुढे असतो आणि कातडीला चिकटून बसतो, म्हणून पूर्ण कोमट झाल्याशिवाय हात लावू नका आणि आधी मनगटावर बघा. केस उगवतात त्या दिशेने लावायचं, पट्टीने उलट्या दिशेला झटका, कातडी दुसऱ्या हाताने ताणून धरायची. चेहऱ्याला रेटिनॉलचं क्रीम चालू असेल तर तिथे वॅक्स करूच नका, कातडीचा वरचा थरच निघतो. झाल्यावर एक दिवस कडक गरम पाणी आणि कडक ऊन दोन्ही टाळा.

फळांवरच्या मेणाचा उगाच फार बाऊ झालाय. सफरचंद सुरीने खरवडून पांढरा भुगा दाखवणारे व्हिडिओ तुम्हाला पण आले असतील. सफरचंदाला स्वतःचं मेण असतंच, वरून लावतात ते मधमाशीचं, कार्नाउबा किंवा शेलॅक (म्हणजे साफ केलेली लाख) असेल तर त्याला परवानगी आहे, कोमट पाण्यात चोळून धुतलं की झालं. द्राक्षांवरची पांढरी धुरकट पूड बघून "औषध मारलंय" म्हणणारे तर घरोघरी. फवारणी होते हे खरं, धुवायचंच आहे, पण ती पूड बहुतेक वेळा द्राक्षाचं स्वतःचं मेण असतं, बागायतदार त्याला ब्लूम म्हणतात, आणि ते शाबूत असलं की माल ताजा आहे, फार हाताळलेला नाही हे कळतं. हेच मेण सांगली-तासगावकडे बेदाणा करणाऱ्यांच्या वाटेत येतं, आतलं पाणी बाहेर पडू देत नाही. म्हणून द्राक्षं आधी पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून काढतात, मेणाचा थर मोकळा होतो आणि शेडमध्ये जाळीवर माल लवकर वाळतो.

कानातलं वॅक्स, म्हणजे आपला मळ, हा या यादीत नुसता नावापुरता. तो कानाची राखण करतो, आपोआप बाहेर येतो, आणि बडने आपण त्याला आत ठासतो. जो मेणाने माखलेला कापडी नळा कानात उभा करून वरून पेटवतात, इअर कँडल म्हणून, त्याच्या नादाला लागू नका, अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याने पण त्याविरुद्ध इशारा दिलाय. त्यानंतर नळ्यात जो पिवळा चुरा दाखवतात तो त्या कँडलचाच असतो. ऐकू कमी येत असेल तर कानाच्या डॉक्टरकडे जा, पाच मिनिटांचं काम आहे.

उरलेली मेणाची चकती कागदात गुंडाळून कपाटात ठेवा, वर्षानुवर्षं खराब होत नाही. मध काढलेलं पोळं तसंच ठेवलंत तर मेणकिडा लागून त्याला जाळी धरते, म्हणून वितळवून साफ केलेलंच ठेवायचं. थंडीत वर पांढरी पूड आलेली दिसेल, बुरशी समजून फेकू नका, हेअर ड्रायरची जरा गरम हवा दाखवा, परत पिवळं होतं.